आजचं चिंतन : खराटा आणि कर्मयोग



सध्या आपण गीतेचा तिसरा अध्याय वाचतोय. काम टाळू नका, पण ते फळाची आस न धरता, लोकांचं भलं व्हावं म्हणून करा, असं त्यात सांगितलंय. वाचताना पटतं. पण सोमवारी सकाळी ऑफिसात लॅपटॉप उघडला की वाटतं, माझ्या या कामानं कुणाचं काय भलं होणार? म्हणून आज ज्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं, अशा एका कर्मयोग्याची आठवण काढूया.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील लवकर गेले. डेबू मामाकडे वाढला, गुरं राखली, शेतात राबला. पुढे १९०५ मध्ये त्यानं घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचं एक गाडगं. त्यावरूनच लोक म्हणू लागले, गाडगेबाबा.

बाबांची कामाची पद्धत बघा. गावात शिरले की आधी खराटा. रस्ते, गटारं, देवळाभोवतीची घाण दिवसभर साफ करायची. कीर्तन रात्री. त्यात वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारायचे आणि कर्ज, दारू, शिवाशिव, पशुबळी यावर लोकांना विचार करायला लावायचे. आधी काम, मग शब्द. सकाळी ज्याला गटार उपसताना पाहिलं, त्याचं रात्री कोण ऐकणार नाही?

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी साधी झोपडीही ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. उभं करायचं आणि सोडून द्यायचं!

पण हे सोडणं सोपं नव्हतं. कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गेल्याची बातमी आली आणि बाबांनी कीर्तन पुरं केलं, असं सांगतात. हा प्रसंग वाचला की मी दरवेळी अडखळते. घरी बायको-मुलांनी काय सोसलं असेल, हाही विचार मनात येतो. एवढं वैराग्य मला जमणार नाही, आणि ते प्रत्येकाला जमावं असंही नाही.

मग आपण काय घ्यायचं? मला दोन गोष्टी दिसतात. एक, समोर दिसणारं काम हलकं मानायचं नाही. बाबा मोठ्या कामाची वाट बघत थांबले नाहीत, समोरचा कचरा उचलून सुरुवात केली. दुसरी, काम झालं की त्यावर आपल्या नावाची पाटी लावायची घाई नको. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ बाबा गेले. स्वतः शाळा न शिकलेल्या या माणसाचं नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. पाटी लोकांनी लावली.

आजचा छोटासा संकल्प : रोज नजरेसमोर असूनही आपण टाळतो असं एक काम आज करायचं. मग ते सोसायटीच्या जिन्यातला कचरा असो, नाहीतर टीममधल्या नवीन मुलाला नीट समजावून सांगणं. केलं की कुणाला सांगायचं नाही. स्टेटसलाही नाही!

उद्या भेटूच.
रामकृष्ण हरी 🙏