झाडांची नाती शोधणारी असीमा

सदाफुली, सर्पगंधा, सातवीण. एक कुंडीतली, एक रानातलं झुडूप, एक चांगला उंच वृक्ष. दिसायला कुणाचं कुणाशी काही जुळत नाही. पण तिन्ही एकाच, कण्हेरीच्या कुळातली बरं का! त्यांच्या साली-मुळांत अल्कलॉईड नावाची द्रव्यं असतात. ती तपासली की कळतं, घडण एकाच घराण्याची आहे. या द्रव्यांचा जन्मभर पिच्छा पुरवला तो कोलकात्याच्या डॉ. असीमा चॅटर्जींनी.

जन्म १९१७ चा. वडील डॉक्टर, पण झाडाझुडपांचे वेडे. ती आवड लेकीत उतरली. १९४४ मध्ये त्या डी.एस्सी. झाल्या. भारतीय विद्यापीठाची ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्याच स्त्री. १९४७ मध्ये त्या संशोधनासाठी अमेरिकेला निघाल्या, त्या वर्षाचीही न झालेली मुलगी आणि तिला सांभाळणारी बाई सोबत घेऊन. (आज आपल्याला मूल घेऊन पुण्याहून नागपूरला जायचं म्हटलं तरी किती तयारी!) पुढे झुरिचमध्ये नोबेल विजेते पॉल कारर यांच्याकडे काम करून १९५० मध्ये परतल्या.

खरी कसोटी इथेच होती. प्रयोगशाळेत पैशांची कायम ओढाताण. रसायनं घ्यायची, नमुने तपासायला परदेशी पाठवायचे, त्यासाठी अनेकदा पदरमोड करावी लागे. तरी काम थांबलं नाही. १९६१ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, तोही स्त्रियांमध्ये पहिलाच. १९६७ मध्ये मात्र वडील आणि पती काही महिन्यांच्या अंतराने गेले. त्यातूनही सावरून त्या पुन्हा प्रयोगशाळेत उभ्या राहिल्या.

सदाफुलीतून कर्करोगावरची औषधं निघाली ती परदेशात, हे खरं. पण त्या अल्कलॉईडांच्या अभ्यासाला असीमाबाईंनी आपली कित्येक वर्षं दिली. हिवतापावरच्या औषधासाठी त्यांनी सातवीण, काडेचिराईत, कुटकी यांच्या जोडीला सागरगोटाही घेतला. हो, आपण मुली ओसरीवर खेळायचो तोच! हा मात्र कण्हेरीचा नव्हे, शेंगांच्या कुळातला, गुलमोहराचा भाऊबंद.

१९७५ मध्ये पद्मभूषण, त्याच वर्षी सायन्स काँग्रेसचं अध्यक्षपद, पुढे राज्यसभा. भारतीय औषधी वनस्पतींवरचे सहा खंड त्यांनी सहकाऱ्यासोबत संपादित केले. शेवटचे खंड निघाले तेव्हा बाईंनी ऐंशी गाठली होती. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या.