बुकर टी. वॉशिंग्टन यांची चौथी भट्टी

व्हर्जिनियात १८५६ साली गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा चालविण्यास घेतली. इमारतीच्या विटा विद्यार्थ्यांनीच पाडाव्यात, हा त्यांचा हट्ट. तीन भट्ट्या फसल्या, पैसाही सरला. तेव्हा स्वतःचे घड्याळ १५ डॉलरला गहाण ठेवून त्यांनी चौथी लावली. ती साधली, घड्याळ मात्र सोडविता आले नाही. आम्ही जन्मभर शिक्षकी केली, म्हणून ही हकीकत आम्हांस विशेष भिडते.

१८९५ च्या अटलांटातील भाषणात त्यांनी समान हक्कांचा आग्रह मागे ठेवला, हा ड्यू बॉइस यांचा आक्षेप आम्हांसही रास्त वाटतो. परंतु मताधिकार हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांस ते गुप्तपणे द्रव्यसाहाय्य करीत. हे १९१५ मधील त्यांच्या निधनानंतर पुष्कळ काळाने उघडकीस आले.