अल्बर्ट हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड (८ डिसेंबर १८७३ – २० ऑक्टोबर १९४७) हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ व कृषिशास्त्रज्ञ होते. सेंद्रिय शेतीच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी विकसित केली. भारतीय शेतकऱ्याला अडाणी न मानता त्याच्या शेतीतून शिकण्याची वृत्ती हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

प्रारंभिक जीवन

हॉवर्ड यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात बिशप्स कॅसल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८९९ ते १९०२ या काळात ते वेस्ट इंडीजमध्ये कवकशास्त्रज्ञ होते. स्वतः पीक न काढणाऱ्या संशोधकाने शेतकऱ्याला सल्ला देण्यातील विसंगती त्यांना तेथे जाणवली. त्यानंतर त्यांनी केंटमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात काम केले.

पुसा येथील कार्य

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे हिंदुस्थान सरकारचे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याने गव्हाचे सुधारित वाण तयार केले. ‘पुसा ४’ व ‘पुसा १२’ हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत.

पुसा परिसरातील शेतकरी कीटकनाशके व रासायनिक खते वापरीत नसत. तरीही त्यांची पिके बहुधा निरोगी असत, असे हॉवर्ड यांना आढळले. तृणधान्याबरोबर कडधान्य घेण्याची मिश्रपीक पद्धती त्यांनी बारकाईने अभ्यासली. हे शेतकरी आणि पिकांवरील किडी यांनाच ते आपले गुरू मानीत. कीड म्हणजे जमिनीची किंवा मशागतीची चूक दाखविणारी खूण, असे त्यांचे मत बनले.

इंदूर पद्धत

१९२४ मध्ये हॉवर्ड इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक झाले. शेणाचा मोठा भाग गोवऱ्या करून जाळला जातो, ही त्या काळी भारतीय शेतीची मोठी अडचण होती. तिचे मूळ शेतकऱ्याच्या बेफिकिरीत नसून सरपणाच्या टंचाईत होते. म्हणून उपलब्ध थोड्या शेणात शेतातील टाकाऊ पदार्थ कुजवून भरपूर खत मिळविण्याचा मार्ग त्यांनी शोधला. चीनमधील शेतकऱ्यांची परंपरागत खतपद्धतीही त्यासाठी उपयोगी पडली.

या पद्धतीत पालापाचोळा, गवत, पऱ्हाट्या, तुराट्या, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचतात. कठीण पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. पाणी शिंपडून ढीग ठरावीक काळाने तीनदा उलथतात. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचतात. यशवंत वाड यांच्यासह लिहिलेल्या १९३१ च्या पुस्तकात हॉवर्ड यांनी ही पद्धत मांडली. त्याआधी १९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले होते.

उत्तरायुष्य आणि प्रभाव

१९३१ मध्ये हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी इंदूरच्या संस्थेला भेट दिली व या पद्धतीचा पुरस्कार केला. १९४० मध्ये ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा हॉवर्ड यांचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत केले पाहिजे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. इंग्लंडमधील ईव्ह बॅल्फोर आणि अमेरिकेतील जे. आय. रोडेल यांच्यावर त्यांच्या विचारांचा प्रभाव पडला.

ह्यूमसयुक्त जमिनीतील पिके व जनावरे रोगांना बळी पडत नाहीत, हा त्यांचा दावा मात्र वादग्रस्त ठरला. तो पुरेशा तुलनात्मक प्रयोगांवर आधारलेला नाही, असा आक्षेप घेतला गेला. शिवाय या पद्धतीला मजुरी व पाणी लागते, त्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्याला ती नेहमीच परवडत नाही. तरीही शेतकऱ्याची अडचण समजून घेऊन मृदासंधारणाचा उपाय सुचविण्याची त्यांची दृष्टी महत्त्वाची मानली जाते.