मूडबिद्रीपासून साताऱ्यापर्यंत : कर्मवीर भाऊराव पाटील

पूर्णेवरील येलदरी धरणाच्या परिसरात राहणाऱ्यांना मूळ गाव सुटणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. जमीन मागे राहते, घराण्याबरोबर नावे आणि आठवणी तेवढ्या येतात. जैन समाजाचे भूषण ठरलेल्या कर्मवीरांच्या कुळाचा शोधही असाच नावांच्या आधारे घ्यावा लागतो.

घराण्यात चालत आलेल्या माहितीप्रमाणे त्यांचे पूर्वज दक्षिण कन्नड भागातील मूडबिद्रीचे आणि मूळ आडनाव देसाई. मूडबिद्री म्हणजे जैनांची काशी. तेथील हजार खांबांची बसदी इ.स. १४३० ची. पुढे हे कुटुंब वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले, पाटीलकीमुळे आडनाव बदलले. मात्र वडिलांचे पायगोंडा हे नाव कानडी मुलखाशी असलेले नाते सांगत राहिले. पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते, मातोश्रींचे नाव गंगाबाई. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी आजोळी, कुंभोज येथे झाला. जवळच बाहुबलीचा डोंगर, घरात व्रतवैकल्यांचे कडक वातावरण.

शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये आले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे एक आधारस्तंभ, विद्वान आणि शिस्तीचे भोक्ते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले आणि परतल्यावर स्नान करण्याचे त्यांनी साफ नाकारले. त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आले. आपल्याच समाजाच्या वसतिगृहाचे दार त्यांना बंद झाले, ही गोष्ट गौरवग्रंथात झाकून ठेवण्यासारखी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला.

पुढे १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले आणि संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांनी बोर्डिंगमधून घालविले, त्यांच्यावर सूड घेण्याची याहून सोपी संधी कोणती? भाऊरावांनी नकार दिला, त्यापायी तुरुंगवास सोसला. छळ इतका असह्य झाला की कोठडीत त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. पण असत्य बोलले नाहीत. सत्याणुव्रताचे पाठ पुष्कळ दिले जातात. त्याची एवढी किंमत मोजणारे थोडे.

उपजीविकेसाठी त्यांनी शिकवण्या केल्या, विम्याचे काम केले, किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकले. या फिरतीत त्यांना शेतकऱ्यांच्या मुलांचे अज्ञान जवळून दिसले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवत.

हे घडले ते पत्नी लक्ष्मीबाईंमुळे. सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घरातील ही माउली. पण सर्व मुलांना तिने पोटच्या लेकरांप्रमाणे रांधून वाढले. कोठार रिकामे झाले तेव्हा अंगावरील दागिने गेले, शेवटी सौभाग्याचे मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. मुले त्यांना वहिनी म्हणत आणि भाऊरावांना अण्णा. मूडबिद्रीहून निघालेल्या कुळाचा विस्तार अशा रीतीने आडनावापलीकडे गेला.

कमवा आणि शिका ही पद्धत त्यांनी रूढ केली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी. त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णांचे देहावसान झाले.