ऑटो लोवी

ऑटो लोवी (३ जून १८७३ – २५ डिसेंबर १९६१) हे जर्मनीत जन्मलेले औषधशास्त्रज्ञ होते. चेतातंतूकडून हृदयाला मिळणारा संदेश रासायनिक पदार्थ वाहून नेतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. या संशोधनासाठी त्यांना हेन्री डेल यांच्यासह १९३६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

लोवी यांचा जन्म फ्रँकफर्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. स्ट्रासबर्ग विद्यापीठातून १८९६ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. क्षयरोग व न्यूमोनियाचे अनेक रुग्ण उपचारांअभावी दगावताना पाहून ते संशोधनाकडे वळले. १९०९ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स विद्यापीठात त्यांची प्राध्यापकपदी नियुक्ती झाली.

संशोधन

चेतातंतूंचा संदेश केवळ विद्युत स्वरूपाचा असतो, असे त्या काळी अनेक शास्त्रज्ञ मानत. १९२१ मध्ये लोवी यांनी बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाची व्हेगस चेता उद्दीपित करताच त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयात घातल्यावर तेही मंदावले. या प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, असे लोवी सांगत. द्रवातील तो पदार्थ ॲसिटिलकोलिन असल्याचे पुढे निश्चित झाले. शरीरातील एक विकर या पदार्थाचे विघटन करते आणि फायसोस्टिग्मिनमुळे ती क्रिया रोखली जाते, हे लोवी व नवरातिल यांनी १९२६ मध्ये दाखवले.

अटक आणि स्थलांतर

मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेताच लोवी यांना अटक झाली. आपण मारले जाऊ आणि अखेरचे निष्कर्ष अप्रकाशितच राहतील, अशी भीती त्यांना वाटत होती. म्हणून त्यांनी तुरुंगातूनच ते निष्कर्ष एका पोस्टकार्डावर लिहून नियतकालिकाकडे पाठवले. नोबेल पारितोषिकाची रक्कम नाझींच्या नियंत्रणाखालील बँकेत वळती केल्यावरच त्यांना देश सोडता आला. १९४० पासून ते न्यूयॉर्क विद्यापीठात कार्यरत होते. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

महत्त्व

ॲसिटिलकोलिन हृदयपेशीवरील ग्राहींना जोडले जाते, त्यामुळे पेशीतील जी-प्रथिने सक्रिय होऊन पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि ठोके मंदावतात, हे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. मेंदूतही हाच पदार्थ अशा संदेशमार्गांद्वारे चेतापेशींच्या जाळ्यांची उत्तेजनक्षमता कमी-अधिक करतो. अवधान व स्मृती या प्रक्रियांत त्याचा सहभाग असतो. अल्झायमर रोगावरील डोनेपेझिल हे औषध ॲसिटिलकोलिनचे विघटन करणाऱ्या विकरालाच रोखते.