कर्मयोगी संत गाडगे महाराज

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. व्यसनापायी वडील लवकर गेले आणि आईसह हा मुलगा मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी मामांकडे आला. गुरे राखणे, नांगर धरणे, खळे करणे यांत त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. सावकाराने मामांची जमीन गिळली, तेव्हा हा अक्षरशत्रू तरुण त्याच्यापुढे ताठ उभा राहिला. चांगला शेतकरी म्हणून नाव झाले. बायको, मुले, घरदार सारे होते. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर समाधान मानले असते.

परंतु १९०५ साली एके दिवशी पहाटे ते घराबाहेर पडले ते कायमचेच. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. ज्या गावी जात तेथे आधी खराटा मागून घेत व रस्ते, गटारे झाडीत. रात्री त्याच जागी कीर्तन होई. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका, असे ते लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कोणी पाया पडू लागला तर काठी उगारीत!

एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली तेव्हाही महाराज कीर्तनातच होते. कीर्तन थांबले नाही. याला कोणी कठोरपणा म्हणेल. घरच्या माणसांनी काय सोसले असेल, हेही विसरता येत नाही.

पंढरीच्या वारीला ते जात, पण देवळात न जाता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. अस्पृश्य वारकऱ्यांना पावसाचिखलात डोके टेकायला जागा नाही, हे त्यांनी तेथे पाहिले आणि सुमारे १९२० च्या काळात पैसापैसा जमवून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. विठ्ठल मंदिराचा दरवाजा हरिजनांना साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली उघडला. म्हणजे आसरा आधी मिळाला, दर्शन पुष्कळ वर्षांनी! हीच इमारत महाराजांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयातील रोग्यांच्या नातेवाइकांचीही सोय झाली. देणग्यांचा ओघ एवढा मोठा, परंतु स्वतः महाराज मागून आणलेली भाकरी गाडग्यात कालवून खात. कारभार विश्वस्तांच्या हाती दिला आणि नात्यागोत्याचा त्यावर हक्क ठेवला नाही. देवस्थानाचा हिशेब ज्यांनी कधी ठेवला आहे, त्यांना यातली अवघड बाजू सांगावयास नको.

दि. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, दि. २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावनजीक पेढी नदीपाशी मोटारीतच महाराजांनी देह ठेवला.