विश्लेषण : विजेता पावसात, पराभूत छताखाली! समुद्रकाठच्या अवघड मैदानावर इतिहास घडवणारे पापवा सेवगोलम कोण होते?

डिजिटल डेस्क, राळेगणसिद्धी

देखण्या आणि तितक्याच अवघड समुद्रकिनारी गोल्फ मैदानांची चर्चा निघाली की दक्षिण आफ्रिकेतील डर्बन कंट्री क्लबचे नाव हमखास येते. याच मैदानावर १९६३मध्ये भारतीय वंशाच्या एका माजी कॅडीने गोऱ्या व्यावसायिक खेळाडूंना मागे टाकत नाताळ ओपन ही स्पर्धा जिंकली. मात्र वर्णभेदामुळे विजेत्याला क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. त्याला करंडक मिळाला तो बाहेर, पावसात. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर पोहोचले. त्या खेळाडूचे नाव होते सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम. त्यांचे आयुष्य, ते मैदान आणि त्या पावसाचा पुढे झालेला परिणाम यांचा हा आढावा.

पापवा सेवगोलम कोण होते?

पापवा यांचा जन्म १९२८चा, डर्बनमधील एका गरीब भारतीय कुटुंबातला. पापवा हे घरचे लाडाचे नाव. सेवसंकर म्हणजे आपल्याकडचा शिवशंकरच. मजूर म्हणून समुद्रापार गेलेल्या भारतीयांची नावे सरकारी दप्तरात अशीच बदलत गेली.

नाताळ प्रांतातील उसाच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी १८६०पासून भारतातून करारबद्ध मजूर नेले. मजुरांचे पहिले जहाज ट्रुरो हे मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बनला लागले. १९११पर्यंत ही वाहतूक सुरू राहिली आणि दीड लाखांहून अधिक भारतीय नाताळमध्ये उतरले. मोहनदास गांधी १८९३मध्ये वकिलीच्या कामासाठी गेले तेही याच डर्बनमध्ये.

शिक्षण पापवा यांच्या वाट्याला आले नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. उमगेनी नदीच्या मुखाजवळ, समुद्रालगत असलेल्या बीचवूड क्लबमध्ये ते लहानपणीच कॅडी म्हणून काम करू लागले. कॅडी म्हणजे खेळाडूच्या गोल्फ स्टिकची जड पिशवी वाहणारा, चेंडू शोधून देणारा मदतनीस. गोऱ्यांचा खेळ जवळून पाहायचा आणि काम संपले की झाडाच्या फांदीची काठी घेऊन तसाच फटका मारून बघायचा, ही त्यांची शाळा. प्रशिक्षक कोणीच नव्हता. तरीही किशोरवयातच ते बिगरगोऱ्या खेळाडूंच्या स्पर्धा जिंकू लागले.

त्यांच्या उलट्या पकडीची एवढी चर्चा का होते?

क्रिकेटचे उदाहरण घेतले तर हे लगेच कळेल. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज बॅट धरताना डावा हात वर आणि उजवा हात खाली ठेवतो. गोल्फमध्येही तसेच असते. पापवा यांचे हात नेमके उलटे असत, उजवा वर आणि डावा खाली. म्हणजे पकड डावखुऱ्याची आणि फटका मात्र उजव्या बाजूने.

अशा पकडीत मनगटांची हालचाल अडखळते आणि स्टिक चेंडूपर्यंत पोहोचताना तिचा वेग व दिशा सांभाळणे कठीण जाते. त्यामुळे कोणताही प्रशिक्षक शिष्याची ही पकड पहिल्याच दिवशी बदलायला लावील. पापवा यांना असे सांगायला कोणी नव्हते आणि हजारो फटक्यांच्या सरावाने त्यांनी ती पकड पक्की करून टाकली. पुढे युरोपातले खेळाडू ही पकड पाहून आधी चकित होत आणि मग धावफलक पाहून गप्प बसत. व्यावसायिक गोल्फमध्ये या पकडीला आजही त्यांच्या नावाने ओळखणारे आहेत.

डर्बनचा कॅडी युरोपात कसा पोहोचला?

बीचवूडवर खेळायला येणाऱ्यांमध्ये ग्रॅहम वुल्फ नावाचे रसायनतज्ज्ञ उद्योजक होते. ऑइल ऑफ ओले हे पुढे जगभर खपलेले सौंदर्यप्रसाधन त्यांनीच तयार केले. पापवा त्यांचे कॅडी होते. पिशवी उचलणारा मुलगा आपल्यापेक्षा कितीतरी चांगला खेळतो, हे वुल्फ यांच्या लक्षात आले. त्यांनी पापवांना आपल्या कारखान्यात बाटल्या भरण्याचे काम दिले आणि खेळाला पाठबळ दिले.

मायदेशातील मोठ्या स्पर्धा फक्त गोऱ्यांसाठी होत्या. म्हणून वुल्फ यांनी १९५९मध्ये पापवांना युरोपात नेले. त्याच वर्षी पापवा यांनी डच ओपन जिंकली. १९६०मध्ये तीच स्पर्धा त्यांनी पुन्हा जिंकली आणि १९६४मध्ये तिसऱ्यांदा. १९६३च्या ब्रिटिश ओपनमध्ये ते संयुक्त तेराव्या स्थानी राहिले. युरोपात ज्या क्लबांत ते सन्मानाने खेळले, जेवले आणि करंडक घेऊन बाहेर पडले, तशाच घरच्या क्लबांत त्यांना पिशवी उचलण्यापुरताच प्रवेश होता.

डर्बन कंट्री क्लबचे मैदान एवढे अवघड का?

डर्बनमधील जुने रॉयल डर्बन हे मैदान सपाट आणि सखल होते. जोराचा पाऊस झाला की तेथे पाणी साचे. म्हणून किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांवर नवे मैदान उभारण्यात आले आणि १९२२मध्ये ते खुले झाले. वाळूत पाणी साचत नाही, झटकन मुरते. पारनेर तालुक्यातल्या माणसाला पाणी मुरण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की, येथे ते विहिरीसाठी मुरवायचे आणि तेथे ते मैदान कोरडे ठेवण्यासाठी मुरलेले हवे असते.

किनाऱ्यावरच्या टेकड्यांमुळे मैदानाला देखणेपण आले आणि अडचणीही आल्या. दुसऱ्या होलवर उंचावर उभे राहिले की शेजारी हिंद महासागर दिसतो. तिसऱ्या होलवर टेकडीच्या माथ्यावरून खालच्या अरुंद घळीत चेंडू मारायचा असतो. दोन्ही बाजूंना दाट किनारी झुडपे. फटका थोडा जरी वाकडा गेला तरी चेंडू झाडीत जातो आणि बहुधा सापडत नाही. गवताखालची जमीन लाटेसारखी वरखाली असल्याने पाय समपातळीवर ठेवून फटका मारण्याची संधी क्वचितच मिळते.

त्यात वारा. डर्बनच्या किनाऱ्यावर कधी ईशान्येकडून, तर कधी नैर्ऋत्येकडून जोराचा वारा वाहतो. त्यामुळे काल ज्या अंतरासाठी जी स्टिक वापरली, ती आज उपयोगी पडेलच असे नाही. बारावा होल टेकडीच्या टोकावर आहे. चेंडू थोडा चुकला की उतारावरून खाली घरंगळतो. १९२०च्या दशकात इंग्लंडच्या युवराजांना या एकाच होलवर पंधराहून अधिक फटके लागले होते. अपेक्षित फटके होते तीन! तेव्हापासून तो होल प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात समुद्रालगत गोल्फ पाहायचे तर मुंबईत कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लबचे मैदान आहे, पण डर्बनसारख्या वाळूच्या टेकड्या तेथे नाहीत.

१९६३मध्ये नेमके काय घडले?

डच ओपन दोनदा जिंकलेल्या खेळाडूला स्वतःच्या प्रांताची स्पर्धा नाकारणे सरकारला जगासमोर अवघड जाऊ लागले होते. अखेर १९६३च्या नाताळ ओपनसाठी पापवा यांना परवानगी मिळाली, पण ती फक्त मैदानावर खेळण्यापुरती. क्लबची इमारत, कपडे बदलण्याची खोली, भोजनकक्ष सगळे बंद. कपडे बदलणे आणि जेवण गाडीतच.

सलग फेऱ्यांच्या या स्पर्धेत विश्रांतीलाही महत्त्व असते. इतर खेळाडू दोन फेऱ्यांमध्ये आत बसत असताना पापवा बाहेर थांबत होते. तरीही ते जिंकले. दक्षिण आफ्रिकेत प्रांतिक ओपन स्पर्धा जिंकणारे ते पहिले बिगरगोरे गोल्फपटू ठरले.

बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. पाहुणे आणि गोरे खेळाडू इमारतीत छताखाली. विजेता बाहेर. करंडक त्यांच्या हाती तेथेच देण्यात आला. त्याच वर्षी याच क्लबवर झालेल्या दक्षिण आफ्रिका ओपनमध्येही पापवा उपविजेते राहिले.

त्यांना आत जाण्यास कायद्याने मनाई होती का?

१९४८मध्ये सत्तेवर आलेल्या नॅशनल पार्टीने वर्णभेदाला कायद्यांची चौकट दिली. १९५०च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणत्या वंशाच्या लोकांनी कोठे राहायचे, मालमत्ता घ्यायची आणि व्यवसाय करायचा याची हद्द ठरवली. गोऱ्यांसाठी राखीव भागातील क्लबमध्ये इतरांनी पाहुणे म्हणून बसायचे तरी सरकारी परवाना लागे. मद्यविक्रीचे नियमही वंशानुसार होते.

म्हणजे दार बंद ठेवायला कायदा होता. पण समारंभ कोठे घ्यायचा, हे ठरवणे आयोजकांच्या हातात होते. सगळ्यांनीच बाहेर येऊन उभे राहण्याला कोणत्याही कलमाची आडकाठी नव्हती. हे प्रकरण साठ वर्षांनंतरही बोचते ते यामुळे.

त्या छायाचित्राचा परिणाम काय झाला?

पावसात करंडक स्वीकारणाऱ्या पापवांचे छायाचित्र अनेक देशांच्या वृत्तपत्रांत छापून आले. खेळ आणि राजकारण वेगळे आहे, असे दक्षिण आफ्रिकेचे सरकार तेव्हा जगाला सांगत होते. एका छायाचित्राने तो दावा खोटा पाडला. क्रीडा बहिष्काराची मागणी करणाऱ्या चळवळीला त्याने बळ मिळाले. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकचे दार दक्षिण आफ्रिकेसाठी बंद झाले आणि १९७०मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्या देशाची हकालपट्टी केली.

भारताने तर १९४६मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार थांबवला होता. १९७४मध्ये भारतीय टेनिस संघ डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळण्यास नकार दिला आणि करंडकावर पाणी सोडले.

जिंकूनही बंदी कशी आली?

१९६५मध्ये पापवा यांनी नाताळ ओपन पुन्हा जिंकली. या वेळी पराभूतांमध्ये गॅरी प्लेअर होते. त्याच वर्षी पुढे यूएस ओपन जिंकून चारही प्रमुख स्पर्धा जिंकणाऱ्या मोजक्या खेळाडूंत स्थान मिळवणारे हेच प्लेअर. वर्णश्रेष्ठत्वावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला हा विजय पचणारा नव्हता.

१९६६मध्ये सरकारने पापवांना गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळण्यास मनाई केली. त्यांचा पासपोर्टही काढून घेण्यात आला. मायदेशातील मोठ्या स्पर्धा बंद आणि परदेशवाटही बंद. तिशीच्या उत्तरार्धात, खेळ ऐन भरात असताना, एका गोल्फपटूची कारकीर्द सरकारी आदेशाने संपली. पुढची वर्षे हलाखीत गेली. १९७८मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. वर्णभेदाचा शेवट पाहायला ते राहिले नाहीत.

महाराष्ट्रात ही कथा ओळखीची का वाटते?

कारण आपल्याकडे पळवणकर बाळू होऊन गेले. चर्मकार समाजातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने पुण्यात महिना चार रुपये पगारावर इंग्रज अधिकाऱ्यांना सरावासाठी गोलंदाजी केली. पुढे ते हिंदू संघातून खेळले. मैदानावर सगळ्यांना त्यांचे बळी हवे असत, पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. डर्बनमधील कायदा आणि पुण्यातील रूढी, दोन्हींचा परिणाम एकच होता. कौशल्य आत आणि माणूस बाहेर.

दार उघडण्यासाठी दर वेळी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागते असे नाही, याचे उदाहरण राळेगणसिद्धीतच आहे. १९८०च्या दशकात गावातील दलित कुटुंबांवर कर्ज थकले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या शेतात श्रमदान केले आणि पिकाच्या उत्पन्नातून ते कर्ज फेडले. गावाने ठरवले आणि गावाने केले. १९६३च्या त्या पावसात क्लबच्या इमारतीतील मंडळींनाही असे काही ठरवता आले असते.

आज काय उरले आहे?

डर्बनमधील रिझर्व्हॉयर हिल्स भागात उमगेनी नदीकाठी पापवा सेवगोलम यांच्या नावाचे सार्वजनिक गोल्फ मैदान आहे. त्यांच्यावर चरित्रे लिहिली गेली. ज्या बीचवूडवर ते कॅडी होते, ते मैदान पुढे डर्बन कंट्री क्लबमध्येच विलीन झाले. या क्लबचे दार आता सर्व वंशांच्या खेळाडूंसाठी उघडे आहे. दुसऱ्या होलवरून समुद्र आजही तसाच दिसतो आणि बाराव्या होलवर चेंडू आजही घरंगळतात.

डच ओपनच्या विजेत्यांच्या यादीत पापवा यांचे नाव तीन वर्षांपुढे कोरलेले आहे. पासपोर्ट हाती राहिला असता, तर अशा आणखी किती याद्यांत ते दिसले असते, याचा हिशेब आता कोणालाच मांडता येणार नाही.